बुडाला डांबर लावलेली बरणी

राजुऱ्याला आमची भाड्याची खोली रामटेके सरांच्या घराला लागूनच होती आणि मधल्या भिंतीत एक दार होतं. ते दार बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मी आले त्याच आठवड्यात उघडलं आणि मग कधी लावलंच नाही. आमचे हे कोरपन्याच्या बाजूला सिमेंटच्या कारखान्यात वेल्डिंगच्या कामावर होते. आठवडाभर तिकडेच राहायचे आणि सुट्टीला यायचे. मी मालवणकडची, लग्न होऊन नुकतीच इतक्या लांब आलेली. दुपारी कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि मी स्टोव्ह विझवून अंगणात धावायचे. पहिल्यांदा धावले तेव्हा बाई सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "भूकंप नाई व, मायबाई. कोळसा काहाडून राह्यले. ये, बस इथी." मी बसले. आता मागे वळून पाहते तर वाटतं, मी त्या घरात जी बसले ती तिथूनच.

त्या घराचं मी किती खाल्लं त्याला हिशेब नाही. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तलावातली बारीक मासोळी तिखट रश्श्यात. मी नारळ नाही म्हणून रडायचे आणि बाई मला हसायच्या. "खोबरं नाई तं का मानूस जेवत नाई? आमी का मंग आजवर उपाशी होतो?" पण पुढच्या बाजारच्या दिवशी कुठून तरी एक वाळकं खोबरं पिशवीत निघायचं. त्यांनी दिलेलं घेताना माझे हात आखडायचे. आपण या लोकांचं काहीच लागत नाही, यांना परत द्यावं असं आपल्याजवळ काही नाही, ही टोचणी मला सतत असायची. कपबशी जरी हातातून सटकली तरी वाटायचं, आता दार बंद होणार.

सर हायस्कूलमधून इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले. अंगाने बारीक, आवाज मात्र अख्ख्या वर्गाला पुरेल असा. मी सातवीत शाळा सोडली हे त्यांना कळलं त्या संध्याकाळी त्यांनी टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला सारली आणि समोरची खुर्ची ओढली. "दहावीले बाहेरून बसता येते. बस." मी म्हटलं, "सर, माझ्याने नाही होणार." ते म्हणाले, "तुले इचारलं नाई मी." तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी त्या खुर्चीत बसू लागले. मोठ्याने वाचायला लावायचे. मी अडखळले की लाजेने आवाज खाली जायचा आणि सर टेबलावर बोट वाजवायचे. "जे लिहिलं हाये थेच वाच. मनचं वाचू नको. आन् मोठ्यानं वाच. चुकलं तं चुकलं." ती खुर्ची मला फार जपायची होती. घर दुसऱ्याचं होतं, गाव दुसऱ्याचं होतं, बोली तर पहिले काही महिने निम्मी डोक्यावरून जायची. पण त्या खुर्चीत बसलं की मी कुणीतरी होते.

सरांना एक वेड होतं. चिनी जहाजांचं. युरोपातले लोक समुद्रमार्गाने हिंदुस्थानात यायच्या कितीतरी आधी चीनच्या बादशहाची अवाढव्य लाकडी जहाजं कालिकतला येत होती, तिथून अरबस्तानाला, आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात होती, आणि तिकडून एकदा जिराफ घेऊन परत गेली. इथवर पक्कं आहे, सर सांगायचे. मग चीनच्या दरबाराने ती सफर बंद केली, नोंदी बऱ्याचशा गेल्या, आणि ज्या जागी नोंदी नाहीत त्या जागी लोकांचे तर्क सुरू झाले. कुणी म्हणतं ते अमेरिकेलाही पोचले होते, कुणी म्हणतं ऑस्ट्रेलियाला. सर त्याबाबतीत सावध असत. "अमेरिकेचं मी मानत नाई. पुरावा नाई. पन कालिकतपर्यंत आले आन् आपल्या कोकनात उतरलेच नाई, हे कसं?" हा त्यांचा स्वतःचा तर्क. आपल्या या मुलखात पूर्वी बुद्धाचा धम्म शोधत चीनचा एक भिक्खू डोंगर तुडवत पायी येऊन गेला असं म्हणतात, ते सर फार अभिमानाने सांगायचे आणि वर विचारायचे, "पायी आला मानूस, तं जहाजानं काऊन नाई येईल?"

आणि एका शब्दाशी त्यांचं कायमचं भांडण होतं. पुस्तकात 'अमक्याने अमक्या देशाचा शोध लावला' असं आलं की ते मला थांबवायचे. "तिथी मानसं राहत होती का नाई? चुली पेटत होत्या का नाई? मंग शोध कायचा लावला त्यानं?"

अशाच एका संध्याकाळी सर कोकणच्या नकाशावर बोट फिरवत होते आणि मी, जी विचारल्याशिवाय कधी तोंड उघडत नसे ती, आपणहून बोलले. "आमच्याकडे एक चिनी बरणी आहे."

सरांचं बोट थांबलं. "कुठची?"

"चिनी. फार जुनी. लांबून आलेली, आई म्हणते. मामाने आणली."

"मामा का करत होते?"

"बोटीवर होता. मी लहान असतानाच वारला."

"समुद्रात जुनी भांडी सापडतात का व?"

"जाळ्यात लागतात कधीकधी," मी म्हटलं. लागतातच.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण बरणी एकीकडे होती, बोट एकीकडे, जाळं आणखी तिसरीकडे, आणि सरांनी त्या तिन्हींची मोट बांधली. मी ती सोडवली नाही, कारण सोडवता येईल एवढी मलाही माहिती नव्हती आणि सर माझ्याकडे पहिल्यांदाच असे बघत होते, जणू मी त्यांना काहीतरी शिकवते आहे. स्वयंपाकघराच्या दारातून बाई म्हणाल्या, "अजी, शालूच्या घरची बरनी चीनहून आली म्हने!" असं त्या हसत म्हणाल्या की कौतुकाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

आमचे हे भावाच्या लग्नाला गावी गेले तेव्हा सरांनी बरणी मागवली. आईने ती रिकामी केली, खारातले आंबे दुसऱ्या भांड्यात काढले, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली. यांना भीती वाटत होती की गाडीत फुटेल. तर आई म्हणाली होती, "काय होणा नाय. तिका वाटेची सवय आसा." हे वाक्य यांनी आल्यावर गंमत म्हणून सांगितलं. सर मात्र हसले नाहीत. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. "वाटेची सवय! ऐकलं का, बाई? पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेलं हाये हे."

बरणी होती खरी देखणी. काळपट तपकिरी, पोटाशी फुगीर, गळ्याला कानांसारख्या दोन कड्या, आणि झिलई एका बाजूने ओघळून थिजलेली. बुडाला मात्र जाड डांबर. कधीतरी तिला चीर गेली होती आणि बाबांनी होडीच्या तळाला लावायचं तेच डांबर तिच्या बुडाला थापलं होतं. आमच्याकडे पाणी गळणाऱ्या सगळ्या गोष्टींवर एकच औषध. बाईंनी बरणी फिरवून पाहिली. "अशी तं माह्या मायकडे होती. लोनच्याची."

"तुह्या मायकडची येगळी. हे येगळी," सर म्हणाले.

बाई उठून भाताकडे गेल्या.

राजुऱ्याच्या वाचनालयात दरवर्षी एक व्याख्यान होई, आणि त्या वर्षी ते सरांचं होतं. आदल्या वर्षी तिथेच चहा पिताना त्यांनी चिनी जहाजांचा विषय काढला होता तेव्हा लोकांनी थट्टा केली होती, त्याची त्यांना बोच होती. कापडदुकानवाले वामनभाऊ, सरांचे बालपणापासूनचे सोबती, त्या थट्टेत सगळ्यात पुढे. "मास्तर, तुमचे चिनी राजुऱ्याले कोनत्या बसनं आले जी?" असं रस्त्यात भेटले तरी विचारायचे. सरांनी ठरवलं, डांबर सगळ्यांसमोर काढायचं. खाली चिनी अक्षरं असणार याची त्यांना खात्री होती. डांबराच्या कडेशी एक वळलेली रेघ दिसत होती. बाई म्हणाल्या, "घरीच पुसून पाहा ना आधी." सर म्हणाले, "घरी पुसलं तं वामन म्हनन, मास्तरनंच लिहून आनलं." आणि माझ्याकडे वळले. "डांबर तुले काहाडता येते ना?"

येत होतंच. रॉकेल आणि काथ्या. होडीवाल्याच्या मुलीला दुसरं काय येणार.

त्या दिवशी मी बाईंची निळी साडी नेसले होते, त्यांनीच दिलेली. वाचनालयाच्या अंगणात सतरंज्या, मागे खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर लुगड्यात गुंडाळलेली बरणी. सर छान बोलले. जहाजांच्या शिडांबद्दल बोलले, जिराफाबद्दल बोलले तेव्हा पोरं खिदळली, आणि काय पक्कं, काय नुसता तर्क, हे त्यांनी प्रामाणिकपणे वेगळं करून सांगितलं. मग म्हणाले, "आता आपल्या कोकनच्या लेकीनं आनलेला पुरावा." लोक वळून बघायला लागले. मी पुढे गेले, सतरंजीवर बसले, बरणी मांडीत उपडी घेतली आणि घासायला लागले. रॉकेलचा वास सगळीकडे पसरला. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरी, काडी नोको लावजो." हशा. माझे कान तापले, पण हात चालू होते. डांबर मऊ होऊन काथ्यावर यायला लागलं. खाली गोल शिक्का दिसला. सर वाकले. चष्मा नाकावर सरकवत, जवळजवळ कुजबुजत म्हणाले, "अक्षर हाये! शालू, अक्षर हाये!"

मी पदराच्या टोकाने पुसलं. बाईंच्या साडीच्या टोकाने. आणि अक्षर मला दिसलं, सरांच्या आधी, कारण बरणी माझ्या मांडीत होती. आपलंच अक्षर होतं. डोक्यावर टिंब असलेलं. मी हात त्यावर ठेवला.

"का हाये? वाच."

मी वर पाहिलं. सरांचा चेहरा इतका उजळला होता की मला तो बघवेना.

"वाच ना. मोठ्यानं वाच."

रोज संध्याकाळी ऐकलेला तोच आवाज. आणि मी वाचलं, जे लिहिलं होतं तेच, आणि मोठ्याने. "चांदा."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग कळलं. चंद्रपूरला तिकडचे जुने लोक आजही चांदाच म्हणतात. राजुऱ्याहून बसमध्ये बसायचं आणि उतरायचं. त्या बाजूला चिनी मातीच्या भट्ट्या होत्या हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक. वामनभाऊ उभेच राहिले. "घ्या! चीन तं आपल्या चांद्यातच निंगाला, मास्तर! उगाच समुद्र पालथा घातला!" अख्खं अंगण फुटलं. पोरं 'चांदा, चांदा' ओरडायला लागली. मी मान इतकी खाली घातली की कपाळ बरणीला टेकलं. लाज म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. शाळा सुटल्याची लाज, बोलीची लाज, दुसऱ्याचं खाल्ल्याची लाज, या सगळ्या लहान होत्या. ही वेगळीच होती. ज्या माणसाने मला खुर्ची दिली त्याला मी त्याच्याच गावासमोर उघडं पाडलं होतं, आणि ते त्याच्याच शिकवण्याप्रमाणे वाचून.

हशा ओसरेपर्यंत सर उभे होते. मग म्हणाले, "बरोबर वाचलं तिनं." एवढंच. आभाराचं कुणी बोललं, चहा झाला. परत येताना सर पुढे, बाई मधे, मी बरणी कडेवर घेऊन मागे.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गेले नाही. मधलं दार माझ्या बाजूने लोटून घेतलं. बाईंनी उघडल्यापासून ते दार पहिल्यांदा कुणी लोटलं असेल तर मी. ट्रंकेत कपडे भरत होते. हे आले की सांगायचं, दुसरीकडे खोली बघू, किंवा मला गावीच पोचवा. दार ढकलून बाई आत आल्या, हातात ताट. ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कुठी चालली? चीनले?"

मला हसू नाही आलं, रडू आलं. बाई खाली बसल्या. "ते बसले हायेत तिकडं पुस्तक उघडून. चहा थंडा झाला त्याईचा. चाल."

सर खरंच बसले होते. मी खुर्चीत बसले नाही, पाठीमागे उभी राहिले. त्यांनी विचारलं, "तुले चिनी कोनं सांगतलं होतं?"

तेव्हा मी विचार करायला लागले. आणि मला माझ्याच कानात आईचा आवाज ऐकू आला. आई कधी 'चिनी' म्हणालीच नव्हती. ती म्हणायची 'चान्याची बरणी'. चान्याची बरणी काढ, चान्याच्या बरणीत मीठ घाल. पाचवीच्या पुस्तकात मी 'चिनी माती' वाचलं होतं आणि मला वाटलं, अडाणी आई चिन्याचीला चान्याची म्हणते. मी तिला सुधारलं. तिने तिचं बोलणं सोडलं नाही, पण माझ्या मनात बरणी चिनी झाली ती झालीच. आणि आणखी एक आठवलं. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "चान्याक चललंस गो." मी रागावून म्हटलं होतं, "चंद्रपूर म्हणतत, आई. लोकांसमोर असा बोलू नको." आईचा एकच शब्द मी दोनदा दुरुस्त केला होता. एकदा त्याचा चीन केला, एकदा चंद्रपूर. आणि दोन्ही वेळा मला तिची लाज वाटली होती. इथे येऊन तर 'चांद्याले चाललो', 'चांद्याहून आलो' हे रोज कानावर पडत होतं, तरी आईचा चाना म्हणजे हाच चांदा, हे डोक्यात जुळलं नाही.

हे सगळं मी सरांना सांगितलं, अडखळत, पण मोठ्याने. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सर बाईंकडे बघून म्हणाले, "तू म्हनत होती ना, तुह्या मायकडे अशीच होती." बाई म्हणाल्या, "मी म्हनतच राहतो जी." मग सर माझ्याकडे वळले. "इतकी वर्षं मी वर्गात वराडून राह्यलो, जिथी मानसं राहतात त्या जागेचा शोध लावता येत नाई म्हनून. आन् तुह्या मायले चांदा माहीत होता, माह्या घरवालीले बरनी माहीत होती. तरी आपन दोघं शोध लावाले निघालो. ते जहाजवाले गोरे का, आन् आपन का, सारखेच." ते हसले. हसताना त्यांचे डोळे मात्र ओले होते, आणि ते मला दिसू नये म्हणून ते पुस्तक चाळत राहिले.

चौकातल्या टेलिफोनच्या बूथवर दुसऱ्या दिवशी सरच मला घेऊन गेले. आमच्या मालवणकडच्या दुकानात फोन लावला, आईला बोलवून आणलं. मी विचारलं, "आई, ती बरणी खंयची?"

"चान्याची गो. कितीदा सांगलंय तुका. तुझो मामा बोटीवर जायच्या आधी थंय खाणीत होतो. आगगाडीत मांडयेर घेवन इलो तिका, माझ्या लग्नात." मग घाबऱ्या आवाजात, "फुटली काय?"

"नाही," मी म्हटलं. सर काचेबाहेर पाठ करून उभे होते. मला तिला सांगायचं होतं की मी तुझा शब्द मोडला, की अख्ख्या गावासमोर तोच शब्द मला वाचावा लागला. सांगितलं नाही. आजवर नाही. आता सांगायला ती नाही.

"फुटाक नाय ना, मगे बरा," आई म्हणाली. "परत धाडू नको. आता थंयच रवांदे तिका. घराक पोचली ती."

बरणी बाईंच्या मांडणीवर राहिली. त्यांनी बुडाची चीर मेणाने बुजवली आणि तिच्यात लिंबाचं लोणचं घातलं. खाणीत सुरुंग उडाला की सगळ्या भांड्यांसोबत तीही थरथरायची. पुढे आम्ही राजुरा सोडलं तेव्हा बाई म्हणाल्या, घेऊन जा. मी म्हटलं, आई म्हणाली तशी राहू द्या. दहावीच्या परीक्षेला मी त्या व्याख्यानाच्याच वर्षी बसले. केंद्र चंद्रपूरला होतं. पहाटे बसमध्ये चढले, कंडक्टरने विचारलं, "कुठी?" आणि मी, आजूबाजूला कोण आहे ते न बघता, आईच्या तोंडातलाच शब्द उच्चारला.

"चान्याक."

त्याने मला एकदा पाहिलं, आणि तिकीट फाडून दिलं.